आम्हीही मराठी मंडळीच

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात शनिवारी बडोद्यातल्या मराठी कार्यक्रमांचं एक छोटं सदर येतं. ते मी वरपासून खालपर्यंत वाचते. दांडिया बाजारातलं कीर्तन, महिला मंडळाचं हळदीकुंकू, नाट्यसंगीताची मैफल, वधूवर मेळावा, कोणाची तरी शोकसभा. जमेल तिथे जातेही. गेल्या चातुर्मासात एका कीर्तनाला ओळीनं तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बुवांचा घसा बसला तेव्हा माझ्याच पर्समधली लवंग पुढे गेली.

याच सदरासाठी मी वर्षभरात तीनदा चार ओळींचा मजकूर पाठवला. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या चौथ्या रविवारी दुपारी चार वाजता मराठीतून उपासना असते, एवढंच त्यात होतं. तिन्ही वेळा छापून आलं नाही. तिसऱ्यांदा मी कचेरीत फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीनं बोलला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणाला, "आजी, ते सदर मराठी मंडळींच्या कार्यक्रमांचं आहे. तुमचं आपण नाताळात घेऊ ना, फोटोसकट."

मी म्हटलं, "अरे बाळा, आम्ही मराठी मंडळीच आहोत."

तो हसला. त्याला वाटलं, आजींनी कोटी केली. आमच्या बोलण्यात चर्च म्हणजे इमारत, आणि तिथे जमणारी माणसं म्हणजे मंडळी. 'मंडळीला सलाम सांगा', 'मंडळीत कोण आजारी आहे', 'मंडळीचा हिशोब झाला का' हे आमचं रोजचं बोलणं. पण त्याचं हसणं काही माझ्या मनातून जाईना. सत्तर वर्षं मी ज्या भाषेत देवाशी भांडले, रडले, आभार मानले, ती भाषा त्याच्या सदराच्या बाहेरची निघाली. म्हणून हे लांबलचक पत्र. आपण ते कापाल, हे धरूनच लिहिते आहे.

माझं माहेर अहमदनगर जिल्ह्यातलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला वळण पडायला वेळ लागेल.) नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे मराठी पत्र १८४२ साली निघालं. आपल्या दैनिकाचं वय मी विचारत नाही. सांगायचं एवढंच, की आमच्याकडच्या कित्येक घरांत पाच-सहा पिढ्या मराठीतच प्रार्थना करत आल्या.

वडील शाळामास्तर. आठवडाभर पाढे, रविवारी मंडळीची पेटी. गावात चर्चची इमारत म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन. बाक नव्हतेच, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, पोरं जिथे मावतील तिथे. एकतारी, टाळ, दिमडी. रात्री भजनी मंडळ बसलं की शेजारचे वारकरी दारात येऊन बसत आणि एखादा टाळ आपणहून उचलत. कोण कोणाच्या देवाचं म्हणतो आहे, हा प्रश्न त्या वेळी टाळ धरणाऱ्यांना पडलेला मी पाहिला नाही. ठेका चुकला तर मात्र लगेच बोलत.

कापणीचा सण हा आमचा वर्षातला मोठा दिवस. नाताळाला नवे कपडे मिळत, पण पोरांची खरी गंमत कापणीच्या सणाला. बाजरीची पहिली कणसं, लाल भोपळा, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी, सगळं पुढे नेऊन ठेवायचं. उपदेश चालू असताना कोंबडी ओरडायची आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, गंभीर चेहऱ्यानं तिचं संपेपर्यंत थांबायचे. नंतर बाहेर झाडाखाली लिलाव. एका वर्षी एकच अंडं अकरा वेळा विकलं गेलं. जो घेई तो पैसे मोजून ते परत ठेवी, पुन्हा बोली सुरू. अकरावा माणूस आमच्या गावातला सगळ्यात गरीब गडी होता. त्यानं चार आणे मोजले आणि अंडं घरी नेलं. म्हणाला, बायको बाळंतीण आहे. कोणी हसलं नाही. वडिलांनी पेटी उघडून आणखी एक गीत धरलं.

'चार शब्दांत उपासना काय असते ते सांगा' असं मला कोणी विचारलं, तर मी हे अंडं सांगीन.

त्या गावात काय गायलं जाई? पहिल्या मिशनऱ्यांनी आपल्याकडची गीतं भाषांतर करून विलायती चालींवर बसवली होती. ती आमचे आजोबा-पणजोबा म्हणत, पण धाप लागल्यासारखी. पुढे आपल्याच माणसांनी अभंग, ओवी, साकी, दिंडी हे सगळं उपासनेत आणलं. त्यात सर्वांत मोठं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, मृत्यू १९१९. फुलांवरच्या आणि मुलांवरच्या त्यांच्या कविता आपण सगळे शाळेत शिकलो. आपला फोनवरचा मुलगाही शिकला असेल. त्याच माणसानं लिहिलेली भजनं आम्ही रविवारी गातो. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. त्यांना मराठी कवी म्हणायचं आणि त्यांची गीतं म्हणणाऱ्यांना इतर म्हणायचं, हे मला जमत नाही.

मी १९७९ साली लग्न होऊन बडोद्याला आले. मिस्टर रेल्वेत, प्रतापनगरला. मंडळी गुजराती. त्यांनी मला लेकीसारखं घेतलं हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला उगाच वाटायचं. पण पहिल्या रविवारी काय झालं ते ऐका. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र सगळ्यांनी मिळून म्हणायला घेतलं. मराठीत तिथे 'मेंढपाळ' आहे. गुजरातीत शब्द आहे 'पाळक'. आणि आमच्या मराठी मंडळीत पाळक म्हणजे पुढे उभे असलेले साहेब! मी घाबरून मिस्टरांकडे पाहिलं, की हे लोक साहेबांची स्तुती का करताहेत. पुढच्याच शब्दाला 'मने खोट पडशे नहि'. मराठीत खोट म्हणजे व्यंग, गुजरातीत तोटा. व्यापाऱ्यांची भाषा, शब्द अगदी बरोबर. माझ्या कानात मात्र 'उणे' बसलेलं. मला काही उणे पडणार नाही. स्वयंपाकघरात मीठ उणं पडतं, पगार झाला तरी महिन्याअखेर पैसा उणा पडतो, ते उणं.

सगळ्यात जास्त अडले ती प्रभूच्या प्रार्थनेत. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' गुजरातीत तिथे रोटली आहे. रोटली चांगलीच असते, मी रोज करते, तव्यावर फुगते. पण भाकर म्हटलं की मला आईचे हात दिसतात. परातीत थाप, थाप, थाप, मग पाण्याचा हात फिरवून चुलीच्या निखाऱ्याला लावलेली. प्रभुभोजनाच्या वेळीही (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी तो) आमच्याकडे 'भाकर घेतली, मोडली' असंच वाचतात. छोटी म्हणाल ही गोष्ट. एक शब्द. पण त्या एका शब्दासाठी मी महिन्यातले तीन रविवार गुजरातीत मनापासून बसते आणि चौथ्याची वाट पाहते.

ही मराठी उपासना माझ्या सासूबाईंच्या पिढीनं सुरू केली. गुजरातीत त्यांचा बाजारहाट व्हायचा, भांडणही व्हायचं, प्रार्थना मात्र व्हायची नाही. आता आम्ही बावीस-तेवीस जण उरलो. त्यात दोघं व्हीलचेअरवर.

शनिवारी संध्याकाळी मी खंडेराव मार्केटातून फुलं आणते. शेवंती नाहीतर निशिगंध. फुलवाला विचारतो, "मावशी, घरी पूजा?" मी म्हणते, "उद्या उपासना." तो दोन दांड्या जास्त घालतो. हे त्याच्यामाझ्यात कित्येक वर्षं चाललं आहे. रविवारी साडेतीनला हॉल उघडायचा, पंखे लावायचे, पाखरांनी केलेली घाण पुसायची. प्रभुभोजन असेल तर आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून, कुस्करून, पातळ फडक्यातून गाळायच्या. आमच्यात दारू वापरत नाहीत, हा मनुकांचाच रस. फडक्याचा डाग काही जात नाही. सासूबाईंपासूनचं तेच फडकं आहे.

चारला घंटा नाही, पेटीचा सूर. आरंभीचं गीत, प्रार्थना, मग पापांगीकार, म्हणजे आपापल्या चुका देवापुढे कबूल करणं. इथे पाळकसाहेब क्षणभर थांबतात. तो क्षण मला आवडतो आणि नकोसाही वाटतो. पंख्याचा आवाज, बाहेर रिक्षा, आणि बावीस माणसं आपापल्या आठवड्याकडे पाहत गप्प. मग शास्त्रपाठ, उपदेश, दानाची पिशवी, आणि मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली. ती आमच्याकडे नावानिशी होते. कोणाचा मोतीबिंदू, कोणाचा मुलगा कॅनडात एकटा, कोणाची सून माहेरी निघून गेलेली (इथे नाव मोघम घेतात, पण सगळ्यांना कळतं). शहरासाठी, अधिकाऱ्यांसाठी, पावसासाठी. मी फोन केला त्या महिन्यात वर्तमानपत्रांत काम करणाऱ्यांसाठीही प्रार्थना झाली. ती कोणी करायला लावली ते मी सांगत नाही. शेवटी आशीर्वचन, आणि मग बाहेर चहा. चहापेक्षा शेवउसळीकडे ओढा जास्त, हे बडोदेकरांना सांगायला नको.

नाताळात आपले छायाचित्रकार येतात. केक, मेणबत्त्या, लाल टोपी घातलेलं एखादं गोड पोर. खाली ओळ असते, 'फादरांनी मास अर्पण केला.' आमच्याकडे फादर नसतात, पाळक असतात. मास कॅथलिक बांधवांकडे असतो. दरवर्षी चूक तीच, फोटोतला केकही बहुधा तोच. हेरिटेज फेरीवालेही फतेगंजात येतात. १८२५ साली बिशप हेबर बडोद्याला आले, इथल्या चर्चचं समर्पण त्यांच्या हातून झालं, ते गायकवाड महाराजांना भेटले, हे त्यांना पाठ असतं. हेबर मोठे गीतकार होते, त्यांचं त्रैक्याचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याचं) गीत जगभर गातात, आम्हीही गातो. दोनशे वर्षांपूर्वीचा तो पाहुणा सगळ्यांना माहीत, आणि त्याच फतेगंजात रविवारी चार वाजता पेटी वाजते ती माणसं कुठली, हे मात्र कोणी विचारत नाही.

पेटीचं सांगायचं राहिलं. २०२४च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली, ते आपल्या वाचकांना आठवत असेल. आमच्या हॉलमध्ये कमरेइतकं पाणी होतं. पेटी खालच्या कपाटात, गीतांची पुस्तकं तिच्या वरच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर पहिला रविवार १ सप्टेंबरचा. उपासना कसली, आत पाऊल ठेवता येईना. नदीचा गाळ फार चिकट असतो आणि त्याला वास असतो. शेजारच्या गॅरेजवाल्या मियांनी न मागता पंप आणून लावला. गुजराती मंडळीतली पोरं फावडी घेऊन उतरली. आम्ही बायका पुस्तकं घेऊन गच्चीवर. एकतीस पुस्तकं होती. पानं एकमेकांना चिकटलेली, एकेक पान सुरीच्या मागच्या बाजूनं सोडवायचं, दोरीवर टाकायचं. माझ्या सासूबाईंच्या पुस्तकात समासात पेन्सिलीनं नावं होती. हे गीत अमक्याच्या मयताला, हे तमकीच्या बारशाला. पेन्सिल पाण्यात टिकते, हे मला त्या दिवशी कळलं. शाईनं लिहिलेलं सगळं वाहून गेलं होतं.

एकतिसांतली चौदा वाचली. दुपारी दोनच्या सुमारास सगळे दमून पायऱ्यांवर बसलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, आज उपासना राहिली. पाळकसाहेबांची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खराटा. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, हात वर केले आणि तसाच आशीर्वाद दिला. गॅरेजवाले मियाही पंप बंद करून उभे राहिले. मग पुन्हा पंप सुरू.

पेटी रावपुऱ्यात दुरुस्तीला दिली. भाता नवा बसला, पण मधल्या सप्तकातला कोमल धैवत अजून उठत नाही. तिथे आम्ही गळ्यानं भर घालतो. सगळ्यांना आता इतकी सवय झाली आहे की त्या जागी आवाज आपोआप मोठा होतो.

उपासना रविवारी तासभर आणि मग झाकण लावून ठेवायची, असं आमच्या घरी कधी नव्हतं. मी चौतीस वर्षं नर्स होते. रात्रपाळीला वॉर्डात शिरण्याआधी जिन्यात दोन पायऱ्यांच्या मधे थांबून एक वाक्य म्हणायची सवय होती. मोठ्यानं नाही. वॉर्डात मी कधी कोणाला धर्म सांगितला नाही. तिथे सांगायची गोष्ट एकच, गोळी जेवणाआधीची की नंतरची. फक्त एकदा, दांडिया बाजाराकडच्या एक आजी होत्या, हाड मोडलेलं, रात्रभर जाग. पडल्या पडल्या हरिपाठ म्हणत. एका रात्री त्यांनी मला पकडलं. "तू ओठातल्या ओठात काय पुटपुटतेस गं?" मी म्हटलं, आमचं स्तोत्र आहे. "म्हण मोठ्यानं." मी एकशेएकविसावं स्तोत्र म्हटलं, डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल विचारणारं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "शब्द बरे आहेत," म्हणाल्या, "पण चाल लाव." मग मी ते ओवीच्या चालीवर धरलं, हळू, बाकीचे जागे होणार नाहीत अशा बेतानं. चौथ्या ओळीला त्या घोरायला लागल्या.

आता घरातलं, कारण सगळा दोष वर्तमानपत्राच्या माथी मारून मोकळं होणं बरं नव्हे. आमचीच तरुण मंडळी मराठी उपासनेला 'आजी-सर्व्हिस' म्हणतात. त्यांची संध्याकाळची आराधना वेगळी असते. कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर शब्द, हिंदी-इंग्रजी-गुजराती मिसळ. मला ड्रमचा राग नाही. दीडशेव्या स्तोत्रात झणझणणाऱ्या झांजा आहेतच. पण पुढे सहा जण गातात आणि खाली शंभर जण उभ्या उभ्या पाहतात, तेव्हा मला वाटतं ही मैफल झाली. आमची बावीस माणसं बेसूर असतील, पण बावीसच्या बावीस गातात. हे मी मंडळीच्या पंचांच्या सभेत बोलले. काही जण रागावले, अजून रागावलेले आहेत.

माझा नातू त्या संध्याकाळच्या आराधनेत ड्रम वाजवतो. सून गुजराती, घरात भाषा तीन. पूर आल्यापासून तो चौथ्या रविवारी पेटी उचलायला येतो, आणि आल्यावर बसतो. मराठी वाचतो, पण हिंदीच्या उच्चारानं. म्हणून त्याच्या पुस्तकात मी खुणा केल्या आहेत. चहातला च असेल तिथे काही नाही, चमच्यातला च असेल तिथे खाली टिंब. ज आणि झ यांनाही तसंच. अर्थात पेन्सिलीनं.

तेव्हा संपादक महोदय, मागणी लहान आहे. आमच्यासाठी वेगळं पान नको, नाताळ विशेषांकात लेख नको. त्याच सदरात, कीर्तन आणि हळदीकुंकवाच्या खाली, चार ओळी. मजकूर पुन्हा देते, तुमच्या मापात बसेल असा:

मराठी उपासना. चौथा रविवार, दुपारी ४ वाजता. चर्च हॉल, फतेगंज. पेटी-तबल्यासह भजनं, शास्त्रपाठ, प्रार्थना. कोणीही यावे. नंतर चहा.

जागा कमी पडली तर चहा काढला तरी चालेल. तबलाही काढा, तबलजींचा गुडघा दुखतो आहे, ते येतीलच असं नाही. पण 'मराठी' हा शब्द राहू द्या.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका
फतेगंज, बडोदे